सावध वैमानिक

आकाशात उडावे ही हौस माणसाला फार पुरातन काळापासून आहे. पाखरांकडे पाहून त्याने पंखांची स्वप्ने पाहिली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती स्वप्ने खरीही करून दाखविली. परंतु उडणे ही विमानविद्येची केवळ अर्धी बाजू होय. जेथे जावयाचे तेथे सुखरूप उतरणे ही तिची दुसरी बाजू, आणि तीच अधिक अवघड. धाडस पुष्कळांच्या अंगी असते. धाडसाला सावधपणाची जोड देणारे थोडे. भारतीय हवाई वाहतुकीचे जनक म्हणून ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, ते जे. आर. डी. टाटा अशा थोड्यांपैकी एक होते.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील रतनजी दादाभाई हे टाटांच्या उद्योगातील एक भागीदार होते; आई फ्रेंच होती. जहांगीर यांचे बालपण काही फ्रान्समध्ये, काही मुंबईत, तर काही जपानमध्ये गेले. उन्हाळ्याच्या सुटीत टाटा कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील हार्डेलो या गावी जात असे. त्याच गावी लुई ब्लेरियो यांचे घर होते. २५ जुलै १९०९ रोजी विमानातून इंग्लिश खाडी प्रथम ओलांडणारे ते हेच ब्लेरियो. त्यांच्याकडील विमान समुद्रकाठच्या वाळूवर उतरे, तेव्हा गावातील मुले धावत पाहावयास जात. त्या मुलांत जहांगीरही असे. विमान वाळूला टेकते कसे आणि पुन्हा वर उठते कसे, हे तो डोळे भरून पाही. वयाच्या पंधराव्या वर्षी त्याला विमानात बसून थोडी फेरी मारावयास मिळाली. आपण वैमानिक व्हावयाचे, हे त्या मुलाने तेव्हाच मनाशी ठरवून टाकले.

मनातील ही इच्छा पुरी होण्यास मात्र दहा वर्षे जावी लागली. १९२५ मध्ये जहांगीर हिंदुस्थानात आले व टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून काम शिकू लागले. पुढल्याच वर्षी वडील निवर्तले आणि घरची जबाबदारी तरुण खांद्यांवर आली. अशा स्थितीत मुंबईस जुहू येथे विमान चालविण्याचे शिक्षण मिळू लागल्याचे त्यांस समजले. त्यांनी तत्काळ नाव नोंदविले. अवघ्या काही तासांच्या शिक्षणानंतर त्यांनी एकट्याने उड्डाण केले, आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांस वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिल्या गेलेल्या परवान्यांपैकी तो पहिल्या क्रमांकाचा होता.

त्या काळची विमाने कशी होती, हे ध्यानी घेतले पाहिजे. जिप्सी मॉथ या विमानाचे पंख लाकडाच्या सांगाड्यावर कापड ताणून केलेले असत. वैमानिकाची बैठक उघडी असे; ऊन, वारा, पाऊस सारे तोंडावर घ्यावे लागे. जवळ रेडिओ नसे. होकायंत्र, नकाशा, उंची दाखविणारे एक यंत्र, वेग दाखविणारे दुसरे, आणि खाली दिसणाऱ्या नद्या व आगगाडीचे रूळ, एवढ्यावर वाट शोधावयाची. अशा विमानात एखादी लहानशी चूकही जिवावर बेतू शके.

म्हणून चांगला वैमानिक उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारून ते नीट पाहून घेई. कापड कोठे फाटले आहे काय, तारा ढिल्या पडल्या आहेत काय, तेल पुरेसे आहे काय, हे स्वतःच्या डोळ्यांनी तपासल्यावाचून तो आत बसत नसे. पेट्रोल डब्यांतून येई. त्यात पाण्याचे थेंब गेले तर इंजिन आकाशातच बंद पडावयाचे. म्हणून ते मऊ कातड्यातून गाळून टाकीत भरीत. इंजिनातील पेट्रोलची वाफ पेटण्यास ठिणगी लागते. ती पाडणारे प्लग प्रत्येक नळकांड्यास दोन दोन बसविलेले असत, आणि त्यांना वीज पुरविणारी यंत्रेही दोन असत. हेतू हा की, एक बिघडले तरी दुसऱ्यावर इंजिन चालावे. उड्डाणापूर्वी वैमानिक ही दोन्ही यंत्रे एकेक करून बंद करी व उरलेल्या एकावर इंजिन नीट चालते की नाही, ते कानांनी ऐकून पाही. एवढे झाले, म्हणजेच तो विमान हलवी.

उतरण्याचे शास्त्र तर याहून नाजूक. मैदानाच्या कडेला खांबावर एक कापडी नळी बांधलेली असते. ती वाऱ्याने फुगून त्याची दिशा दाखविते. विमान वाऱ्याकडे तोंड करून उतरवावयाचे असते; त्यामुळे पंखांना हवेचा पुरेसा आधार मिळतो, पण जमिनीवरील धाव मात्र कमी होते. खाली येताना वेग फार ठेवला, तर विमान मैदानापलीकडे जाऊन आदळेल. वेग फार कमी केला आणि विमानाचे नाक वर उचलले, तर पंखांखालचा आधार एकाएकी सुटेल व ते दगडासारखे कोसळेल. उंच आकाशात अशी चूक सावरता येते; जमिनीजवळ सावरण्यास जागाच उरत नाही. म्हणून उतरण साधत नाही असे वाटताच हट्ट न धरता पुन्हा वर जावे, एक फेरी घ्यावी आणि नव्याने यावे, हा वैमानिकांचा नियम आहे. फेरी घेण्यात कमीपणा नाही. कमीपणा हट्टात आहे.

जे. आर. डीं.च्या सावधपणाची आणि मनाच्या थोरवीची कसोटी १९३० मध्ये लागली. इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील प्रवास एकट्याने आणि ठरावीक मुदतीच्या आत पुरा करणाऱ्या पहिल्या भारतीय वैमानिकास पाचशे पौंडांचे बक्षीस आगाखान यांनी जाहीर केले होते. प्रवास कोणत्याही बाजूने केला तरी चालणार होता. जे. आर. डी. मे महिन्याच्या आरंभी कराचीहून लंडनकडे निघाले. त्याच सुमारास अस्पी इंजिनिअर हा अवघा सतरा वर्षांचा पारशी मुलगा इंग्लंडहून कराचीच्या रोखाने येत होता.

या दोघांची गाठ इजिप्तमध्ये अबुकीर येथील विमानतळावर पडली. अस्पी तेथे अडकून पडला होता. त्याच्या इंजिनाचे प्लग निकामी झाले होते आणि बदलावयास जवळ जादा प्लग नव्हते. जे. आर. डीं.नी निघतानाच सुटे प्लग बरोबर घेतले होते. आता त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. प्लग नाहीत असे सांगून, किंवा काहीच न बोलता ते पुढे निघून गेले असते, तर बक्षीस बहुधा त्यांचेच होते. शिवाय पुढे आपल्यालाच प्लग लागले तर काय, हाही विचार होताच. परंतु वाळवंटात अडकलेल्या वैमानिकास साहाय्य न करता पुढे जाणे त्यांना रुचले नाही. त्यांनी अस्पीला प्लग दिले. त्या मुलानेही उपकार फुकट घेतले नाहीत. जे. आर. डीं.ना पुढे भूमध्य समुद्र ओलांडावयाचा होता व त्यांच्याजवळ पाण्यावर तरंगत ठेवणारे जाकीट नव्हते. अस्पीने आपले जाकीट त्यांना दिले. मग एक पूर्वेस आणि एक पश्चिमेस, असे दोघेही उडाले.

अस्पी कराचीस काही तास आधी पोहोचला आणि बक्षीस त्याला मिळाले. स्पर्धा गेली, पण जे. आर. डीं.ना त्याची खंत वाटली नाही. पुढे हाच अस्पी इंजिनिअर भारतीय हवाई दलात मोठ्या पदास चढला आणि १९६० ते १९६४ या काळात त्या दलाचा प्रमुख झाला.

स्पर्धेतील उड्डाण एकट्याच्या जिवाचे असते; नित्याच्या सेवेचे उड्डाण तसे नसते. लंडनहून येणारे हवाई टपाल त्या वेळी कराचीपर्यंत येई व तेथून पुढे आगगाडीने जाई. ते कराचीहून मुंबई व मद्रासपर्यंत विमानाने न्यावे, अशी कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने मांडली. जे. आर. डीं.नी ती उचलून धरली आणि खटपट करून टाटांची मंजुरी मिळविली. सामग्री काय, तर लहान विमाने दोन, वैमानिक मोजके आणि जुहूच्या मैदानावर झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जे. आर. डी. पस मॉथ विमानात टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून एकटेच निघाले. ताशी शंभर मैल हा त्या विमानाचा वेग. अहमदाबादेस ते पेट्रोलसाठी उतरले, तेव्हा पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले! दुपारी विमान जुहूच्या मैदानावर सुखरूप टेकले. तेथून व्हिन्सेंट यांनी टपाल घेतले, रात्री बल्लारीस मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी ते मद्रासला पोहोचविले. भारतीय हवाई वाहतुकीचा आरंभ असा झाला. त्या दिवशी कोणताही चमत्कार घडला नाही, कोणतेही संकट ओढवले नाही. आणि हेच त्या उड्डाणाचे खरे यश होते.

पावसाळ्यात मात्र ही सेवा चालविणे कसोटीचे होते. जुहूचे मैदान समुद्राला लागून व सखल. पावसात त्यावर पाणी साचे आणि चिखल होई. अशा चिखलात चाके रुतली तर विमान नाकावर उलटावयाचे. म्हणून पावसाळ्यात विमानांचा मुक्काम पुण्यास हलवीत.

जुहू आणि पुणे यांमधील वाट नकाशावर लहान दिसते. परंतु वैमानिकाची परीक्षा पाहणारी आहे. मुंबईची खाडी ओलांडली की खाली पनवेल दिसते. थोडे दक्षिणेस पाताळगंगेच्या काठी आपटा हे गाव आहे. भोवती भातखाचरांचा सपाट मुलूख, कर्नाळ्याचा सुळका आणि जवळच माणिकगड. खोपोलीस टाटांनी उभारलेल्या वीजकेंद्रातून सुटणारे पाणी याच पाताळगंगेतून आपट्यावरून वाहत समुद्राकडे जाते. आपट्याच्या आकाशातून पूर्वेकडे तोंड केले, म्हणजे ताशी शंभर मैलांच्या विमानास सह्याद्रीची भिंत गाठण्यास अवघी दहाएक मिनिटे पुरतात. उघडीप असेल तेव्हा ही भिंत दुरून दिसते. आषाढात मात्र ढग डोंगरमाथ्यांवर टेकलेले असतात. ढगात शिरलेल्या वैमानिकास डोंगर दिसत नाही. इतकेच नव्हे, तर आपले विमान सरळ आहे की कलले आहे, हेही त्याच्या शरीरास समजत नाही. मन एक सांगते आणि यंत्र दुसरेच दाखविते. तेथे मनावर विसंबणारा घात करून घेतो. शिवाय डोंगरापलीकडे वाऱ्याचे जोरदार झोत खाली येतात व लहान विमानास खाली दाबतात. यावर उपाय एकच. डोंगराहून पुष्कळ उंची आधीच मिळवावी, ती मिळत नसेल किंवा वाट दिसत नसेल तर वेळीच मागे फिरावे.

जे. आर. डीं.च्या संस्थेने ही शिस्त पाळली. पहिल्या वर्षी तिची विमाने सुमारे १,६०,००० मैल उडाली आणि टपाल वक्तशीरपणे पोहोचविल्याबद्दल तिची वाखाणणी झाली. वक्तशीरपणा आणि सावधपणा एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. आदल्या दिवशी नीट तयारी करणाऱ्यास दुसऱ्या दिवशी घाई करावी लागत नाही.

असे असूनही आकाशाने त्यांच्याकडून मोठी किंमत घेतली. त्यांचा धाकटा भाऊ जमशेद १९३६ मध्ये विमान-अपघातात मरण पावला. १९४२ मध्ये महायुद्धाच्या धामधुमीत इंग्लंडहून परतताना व्हिन्सेंट यांचे विमान नाहीसे झाले. एकीकडे सख्खा भाऊ गेला, दुसरीकडे कामातील जिवाभावाचा सोबती गेला. दुसरा कोणी असता तर त्याने विमानाचे नावही टाकले असते. जे. आर. डीं.नी ते काम सोडले नाही.

१९४६ मध्ये त्यांच्या संस्थेस एअर इंडिया हे नाव मिळाले. ८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून लंडनला निघाले. लंडनला जाणाऱ्या या पहिल्या विमानसेवेत जे. आर. डी. स्वतः प्रवासी म्हणून होते. परंतु ३ नोव्हेंबर १९५० रोजी जिनिव्हास जात असता हेच विमान वाईट हवेत आल्प्स पर्वतातील मों ब्लां या शिखरावर आदळले. आतील ४८ माणसांपैकी एकही वाचला नाही. १९५३ मध्ये सरकारने हवाई वाहतूक आपल्या हाती घेतली, तेव्हाही एअर इंडियाचे अध्यक्षपद जे. आर. डीं.कडेच ठेवण्यात आले. त्यानंतर २४ जानेवारी १९६६ रोजी त्याच शिखरावर एअर इंडियाचे कांचनजंगा हे विमान आदळले आणि ११७ जण मृत्युमुखी पडले. त्यांत थोर शास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा होते. भाभांची संशोधनसंस्था उभी राहण्यास जे. आर. डीं.नीच हात दिला होता.

या दुसऱ्या वेळी विमान जिनिव्हाकडे उतरणीस लागलेले होते. शिखर मागे पडले आहे, अशी वैमानिकाची समजूत झाली आणि ते तर पुढेच होते. आपण नेमके कोठे आहो हे पक्के कळल्यावाचून खाली येऊ नये, हा उड्डाणविद्येचा पहिला धडा. लहान विमान असो वा मोठे, सह्याद्री असो वा आल्प्स, तो धडा बदलत नाही. असे अपघात घडले की माणसे दैवाला दोष देतात. पण हवाई वाहतुकीत दैवावर भार टाकून चालत नाही. प्रत्येक अपघाताची चौकशी होते, कारण शोधले जाते आणि नियम अधिक कडक केले जातात. आज आपण निर्धास्तपणे विमानात बसतो, त्यामागे अशा पुष्कळ कडू धड्यांची शिकवण आहे.

जे. आर. डीं.चा स्वभाव या शिस्तीस साजेसाच होता. अध्यक्ष असूनही ते विमानातून जाताना बारीकसारीक गोष्टी टिपून घेत. काय स्वच्छ नव्हते, काय वेळेवर झाले नाही, कोणते काम अर्धवट राहिले, हे उतरल्यावर लेखी कळवीत. लहान दोष आज खपवून घेतला, तर उद्या तोच मोठा होतो, हे पस मॉथच्या इंजिनाने त्यांना शिकविले होते. १९७८ पर्यंत त्यांनी अध्यक्षपद सांभाळले.

पहिल्या टपाल-उड्डाणास पन्नास वर्षे झाली, तेव्हा १५ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांनी तोच मार्ग पुन्हा आक्रमिला. वय ७८ वर्षांचे आणि विमान लेपर्ड मॉथ नावाचे, जुन्या काळचे, एका इंजिनाचे. कराचीहून अहमदाबाद आणि अहमदाबादहून जुहू. या वयात इतका खटाटोप कशासाठी, असे कित्येकांस वाटले असेल. परंतु तरुण पिढीने साहसाची आवड धरावी आणि ते साहस नीट तयारीने करावे, हे त्यांना बोलून नव्हे, तर करून दाखवावयाचे होते. त्या दिवशीही विमान अलगद उतरले.

१९९२ मध्ये भारत सरकारने त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान दिला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.

ज्या पनवेलच्या आकाशातून एकेकाळी लहान विमाने ढगांचा अंदाज घेत जात, त्या पनवेलजवळ २०२५ मध्ये नवी मुंबईचा विशाल विमानतळ उभा राहिला आहे. आता विमानांत संगणक आहेत, रडार आहे, जमिनीवरून वाट दाखविणारी माणसे आहेत. तरीही प्रत्येक उड्डाणापूर्वी वैमानिक हाती यादी घेतो आणि एकेक गोष्ट तपासतो. उतरण साधत नसेल तर निमूटपणे पुन्हा फेरी घेतो. प्रवाशांना त्याचे नावही ठाऊक नसते. त्याची ती तपासणी कोणी पाहत नाही, तिच्याबद्दल कोणी टाळ्या वाजवीत नाही. पण शेकडो माणसे आपापल्या घरी पोहोचतात ती तिच्यामुळेच. जे. आर. डी. टाटांनी जन्मभर ज्या धाडसाचा मान राखला, ते हेच धाडस होय.